देवासची टेकडी आणि ॲबिंजरचे चर्च

एखाद्या लेखकाने आपल्या दोन ग्रंथांच्या नावांत दोन स्थळे गोवावीत, त्यांतील एक त्याच्या घराचे व दुसरे त्याच्या प्रवासाचे असावे, आणि वाचकाने मात्र ती दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहू नयेत, असे पुष्कळदा घडते. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या बाबतीत तसे घडले आहे. त्याचा ‘ॲबिंजर हार्व्हेस्ट’ हा लेखसंग्रह १९३६ साली प्रसिद्ध झाला. ‘द हिल ऑफ देवी’ हे देवास संस्थानासंबंधीचे पुस्तक १९५३ साली. पहिल्याच्या नावात सरे परगण्यातील एक लहानसे खेडे आहे, दुसऱ्याच्या नावात माळव्यातील आमची टेकडी. इंग्रज टीकाकार पहिले स्थळ जाणतात आणि दुसऱ्याकडे कुतूहलाने पाहतात. आम्हां माळव्यातील मराठी वाचकांना दुसरे स्थळ अंगणासारखे परिचित असते आणि पहिल्याकडे आम्ही वळतच नाही. प्रस्तुत लेखात ही दोन्ही पुस्तके एकमेकांच्या उजेडात वाचण्याचा आमचा प्रयत्न आहे. तसे केल्याने फॉर्स्टरच्या देवास-चित्रणाचे गुण अधिक स्पष्ट होतात आणि त्याचा एक मोठा दोषही प्रथमच नीट दिसू लागतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम ॲबिंजरची हकीकत. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत ज्याचे नाव सापडते असे हे जुने खेडे आहे. त्याच्या एका भागास ‘ॲबिंजर हॅमर’ म्हणतात, ते तेथे पूर्वी चालत असलेल्या लोखंडाच्या घणावरून. ॲबिंजर कॉमन या वरच्या भागात संत जेम्सच्या नावाचे, नॉर्मन काळापासूनचे चर्च आहे. फॉर्स्टरचे वडील वास्तुशिल्पज्ञ होते. त्यांनी आपल्या बहिणीसाठी या गावात एक घर बांधले होते, आणि आत्याच्या मृत्यूनंतर १९२४ साली त्या घराचा भाडेपट्टा फॉर्स्टरकडे आला. पुढे सुमारे वीस वर्षे तो आपल्या आईसह तेथे राहिला. १९३४ च्या जुलैमध्ये गावच्या चर्चच्या जतननिधीसाठी गावकऱ्यांनी एक उघड्यावरचा इतिहास-प्रयोग केला. त्याची संहिता फॉर्स्टरने लिहिली, संगीत राल्फ व्हॉन विल्यम्स या श्रेष्ठ संगीतकाराने सिद्ध केले, आणि पात्रे म्हणून गावचेच लोक उभे राहिले. ही संहिता ‘ॲबिंजर हार्व्हेस्ट’च्या शेवटी छापलेली आहे.

आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, फॉर्स्टर हा ख्रिस्ती धर्मावर श्रद्धा ठेवणारा गृहस्थ नव्हता. आपली अश्रद्धा त्याने कधी लपविली नाही. मग चर्चच्या छपरासाठी पैसे जमविण्याच्या कामी त्याने लेखणी का झिजवावी? त्या संहितेचे वाचन केले म्हणजे उत्तर मिळते. त्याच्या दृष्टीने चर्च म्हणजे गावाची स्मृती. राजे येतात व जातात, मालक बदलतात, लोखंडाच्या भट्ट्या पेटतात व विझतात. या सर्वांना पुरून उरतात ती झाडे, शेते आणि ते दगडी देऊळ. आणि ही कथा सांगण्याचे काम त्याने कोणा सरदाराकडे किंवा धर्मगुरूकडे दिलेले नाही. निवेदक आहे एक लाकूडतोड्या. प्रयोगाच्या अखेरीस बंगल्यांची दाटी, रस्ते व इमारती हे सारे गाव गिळून टाकतील काय, ही चिंताही व्यक्त होते. श्रद्धा गेली तरी श्रद्धास्थानाविषयीचे ममत्व जात नाही, हा भाव येथे आहे. आम्हां भारतीयांस तो समजावून सांगण्याची गरज नाही. देव्हाऱ्यासमोर हात न जोडणारे, पण गावच्या जत्रेला न चुकता जाणारे गृहस्थ आपल्याकडेही घरोघरी आहेत.

हा भाव मनाशी धरून देवासकडे वळावे. १७२८ च्या सुमारास तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी स्थापिलेली देवासची गादी पुढे दोन पात्यांत विभागली गेली: थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार. फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस प्रथम देवासला आला, आणि १९२१ साली थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव तिसरे यांचा खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने राहिला. बागा, तळी, मोटारगाड्या, विजेचे यंत्रघर अशी नाना कामे त्याच्याकडे होती. नवा राजवाडा पुरा होण्याआधीच ढासळू लागला होता, आणि हिशेबाचा ताळमेळ कोणालाच लागत नव्हता. त्या काळी आईला व स्नेह्यांना धाडलेली पत्रे आणि त्यांना जोडणारे मागाहूनचे निवेदन मिळून ‘द हिल ऑफ देवी’ सिद्ध झाले आहे.

या दोन स्थळांना जोडणारा एक व्यावहारिक धागाही आहे, आणि तो फारच बोलका आहे. देवासहून परतल्यावर फॉर्स्टरने अनेक वर्षे अडून पडलेली आपली भारतविषयक कादंबरी पुरी केली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ साली निघाली आणि अमेरिकेत तिचा मोठा खप झाला. त्या पैशातून त्याने ॲबिंजर येथे एक लहानसे रान विकत घेतले, आणि मालकी आल्याने माणसाचे मन कसे जड व संशयी होते यावर १९२६ साली एक मार्मिक निबंध लिहिला. तोही ‘ॲबिंजर हार्व्हेस्ट’मध्येच आहे. अर्थात, ज्या कादंबरीचा अखेरचा व सर्वांत उंचीचा भाग देवासच्या गोकुळअष्टमीने त्याला दिला, त्याच कादंबरीने त्याला ॲबिंजरची झाडे दिली. त्याच्या समग्र वाङ्मयाची जी संशोधित आवृत्ती पुढे निघाली तिचेही नाव ‘ॲबिंजर आवृत्ती’ असेच आहे, आणि तिच्यात १९८३ साली ‘द हिल ऑफ देवी’चा समावेश झाला. आमची टेकडी अशा रीतीने त्या खेड्याच्या नावाखाली येऊन बसली आहे.

गुणांचा विचार आधी करू. गोकुळअष्टमीच्या उत्सवाचे जे वर्णन पत्रांत आहे आणि कादंबरीच्या ‘मंदिर’ या तिसऱ्या भागात जे रूपांतरित होऊन आले आहे, त्याच्या तोडीचे लेखन परकीयाच्या हातून क्वचितच झाले असेल. आठ दिवस चाललेला तो सोहळा, फुलांच्या व चिंध्यांच्या गर्दीत हरवलेली मूर्ती, टाळ-मृदंगांचा अखंड कल्लोळ, आणि अनवाणी, देहभान विसरून देवापुढे नाचणारा राजा: हे सारे त्याने प्रथम हसत हसत लिहिले. मूर्तीला त्याने बाहुलीचे एक थट्टेखोर नावही ठेवले होते. परंतु हसता हसता त्याची लेखणी थबकते. या गोंधळात सुरूपता नाही, प्रमाणबद्धता नाही. पण चर्चच्या नीटस उपासनेत त्याला जे कधी सापडले नव्हते ते येथे आहे, आणि ते म्हणजे आनंद. देवाशी थट्टामस्करी करण्याची मुभा ज्या धर्मात आहे, त्यात ख्रिस्ती धर्मातील एक उणीव भरून निघते, हे त्याने मोकळेपणे मान्य केले. विरोधी मताच्या माणसाची ही कबुली मोलाची आहे.

उत्सवाच्या शेवटी मातीचे गोकुळ तळ्यात शिरवतात. ताटात मावेल एवढे ते गाव, त्यातली इवलीशी घरे, गुरे व माणसे, ही सारी पाण्यात विरघळून जातात. कादंबरीत या प्रसंगीच नावा एकमेकींवर आदळतात आणि दुरावलेली माणसे क्षणभर एकाच पाण्यात पडतात. ॲबिंजरच्या प्रयोगाचा विचार करताना आम्हांस हे मातीचे गोकुळ वारंवार आठवले. दोन्हीकडे एक खेडे आहे आणि खेड्याला जीवमान देणारे एक देवस्थान आहे. सरेमधील खेडे टिकावे म्हणून निधी जमतो, तर देवासमधील खेडे दरवर्षी बुडवण्यासाठीच घडवले जाते. एका संस्कृतीत स्मृती दगडात राहते. दुसरीत ती पुन्हा पुन्हा करण्यात राहते. फॉर्स्टरने हा भेद कोठे सूत्ररूपाने मांडलेला नाही, पण त्याने दोन्ही बाजू इतक्या प्रामाणिकपणे चितारल्या आहेत की वाचकास तो आपोआप उमगतो. हे श्रेष्ठ लेखनाचेच लक्षण होय.

तथापि, जेथे इंग्रज टीकाकार थांबतो तेथून मराठी वाचकाचे काम सुरू होते. कादंबरीत नारायण गोडबोले हे कीर्तनमंडळीचे अग्रणी आहेत. त्या मंडळींच्या मुखी नाव येते ते तुकारामांचे. समोर देव उभा असता गाणारे देवाला न आळवता एका संताला मायबाप म्हणून आळवतात, हे फॉर्स्टरला विसंगत वाटले. त्या उत्सवात यथोचित असे काहीच होत नाही, या त्याच्या सिद्धान्ताला ते एक उदाहरणच मिळाले. आमच्या मते येथे त्याचा कान चुकला. पंढरीच्या वाटेवर ‘ज्ञानबा-तुकाराम’ हा घोष ज्याने ऐकला आहे, त्याला यात विसंगत असे काही वाटणार नाही. वारकरी पालखीत घेऊन जातात त्या संतांच्या पादुका; विठ्ठलाकडे जायचे ते संतांचे बोट धरून. शिवाय तुकोबांच्या गाथेत गौळणी आहेत, बाळक्रीडेचे व काल्याचे अभंग आहेत. तेव्हा गोकुळअष्टमीला तुकोबा उपस्थित असणे हे रामनवमीला वाल्मीकी उपस्थित असण्याइतकेच उचित आहे. आठ दिवसांच्या त्या सोहळ्यातही मराठी वाचकास काल्याने संपणारा नामसप्ताह ओळखू येतो. फॉर्स्टरने ज्याला गोंधळ म्हटले त्याला एक परंपरा होती, एक क्रम होता. केवळ तो क्रम मराठीत होता. आणि मराठी त्याला येत नव्हती.

टेकडीच्या नावाचेही तसेच. पुस्तकाच्या मथळ्यात नुसती ‘देवी’ आहे. वास्तविक टेकडीवर दोन देवी आहेत: तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक एकीला बडी माता म्हणतात, दुसरीला छोटी माता. त्या बहिणी आहेत अशी श्रद्धा आहे. थोरली पाती आणि धाकटी पाती, थोरली देवी आणि धाकटी देवी: गावातील दुभंग आणि टेकडीवरील जोडी यांचा हा मेळ केवढा अर्थपूर्ण आहे! राजे विभक्त झाले, पण लोकांच्या मनात बहिणी एकाच डोंगरावर नांदत राहिल्या. आणि तुळजाभवानी हे नाव माळव्यात ऐकू आले की दख्खनेतून नर्मदा ओलांडून आलेल्या कुळांची सारी वाटचाल आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते. ‘सिनिअर’ व ‘ज्युनिअर’ या शब्दांत एक सरकारी विनोद आहे. ‘पाती’ या शब्दात भाऊबंदकी आहे, शेताची वाटणी आहे, एका चुलीच्या दोन चुली झाल्याचे दुःख आहे. फॉर्स्टरच्या इंग्रजीत पहिले उतरले, दुसरे उतरले नाही.

भाषेच्या या अडचणीतूनच त्याच्या पुस्तकाचा मुख्य दोष उद्भवतो, आणि ॲबिंजरच्या संहितेशी तुलना केल्यावाचून तो लक्षात येत नाही. ॲबिंजरचा नायक गाव आहे. देवासचा नायक राजा आहे. तेथे लाकूडतोड्या बोलतो; येथे बोलतात महाराज, त्यांचे दरबारी आणि पाहुणे इंग्रज. देवासच्या बाजारातला विणकर, माळवी बोलणारा शेतकरी, टेकडीच्या पायऱ्यांवर नारळ विकणारी बाई, यांच्यापैकी कोणालाही त्या पुस्तकात शब्द मिळालेला नाही. ज्या लेखकाने आपल्या गावच्या इतिहासातून राजेरजवाडे जवळजवळ हद्दपार केले, त्याच लेखकाला आमच्या गावात राजाखेरीज दुसरे काही दिसू नये, हे चमत्कारिक नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल की, ज्याच्याशी इंग्रजीत बोलता येत होते त्याच्याविषयीच तो लिहिणार, आणि पत्रसंग्रहाकडून इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप काही अंशी खरा आहे. परंतु पुस्तक पत्रांपुरते थांबत नाही. उत्तरार्धात फॉर्स्टर संस्थानच्या ऱ्हासाची कहाणी सांगतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झालेला विवाह विसकटला. १९२७ साली युवराज राज्य सोडून गेले. कर्ज वाढत गेले. शेवटी महाराजांनी फ्रेंच पाँडिचेरीचा आश्रय घेतला आणि १९३७ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचे देहावसान झाले. ही शोकांतिका फॉर्स्टरने मित्राच्या मायेने लिहिली आहे आणि हिंदुस्थान सरकारच्या कोरड्या वागणुकीवर त्याचा राग आहे. मित्रनिष्ठा हा त्याच्या सर्व विचारांचा पाया होता, म्हणून हे स्वाभाविकच आहे. पण महाराजांचे भक्तहृदय तोलताना, त्या रित्या तिजोरीत पैसा कोणाच्या शेतसाऱ्यातून येत होता, हा प्रश्न त्याने विचारावयास हवा होता. ॲबिंजरच्या लाकूडतोड्याने तो खचित विचारला असता.

आम्ही हा दोष एकट्या फॉर्स्टरच्या माथी मारीत नाही. तो आमच्या भूमीचाही जुना दोष आहे. देवासच्या पवारांचे भाऊबंद धारेस राज्य करीत होते. तेथे भोजशाळा व कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत १९०३ साली, धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे काशिनाथ कृष्ण लेले यांच्या दक्षतेमुळे, एक शिलालेख उजेडात आला. तो शिलालेख म्हणजे एक नाटक आहे: राजगुरू मदन याने तेराव्या शतकात रचलेली ‘पारिजातमंजरी’ नाटिका. तिच्या चार अंकांपैकी दोनच हाती लागले आहेत. धारानगरीत शारदेच्या मंदिरात, वसंतोत्सवाच्या वेळी तिचा प्रयोग व्हावयाचा होता, असे तिच्या प्रस्तावनेतच आले आहे. म्हणजे देवस्थानच्या आवारात, गावच्या लोकांसमोर, गावच्याच इतिहासातील प्रसंगावर नाटक करण्याची रीत ॲबिंजरच्या सातशे वर्षे आधी धारेत होती! पण त्या नाटिकेचा नायक कोण? त्या वेळी गादीवर असलेला परमार राजा अर्जुनवर्मा. गुजरातच्या राजावर त्याने मिळवलेला जय आणि त्यातून त्याला लाभलेली नायिका, एवढाच तिचा विषय. ज्या पाथरवटाने तो मजकूर काळ्या दगडात इतक्या सुबक अक्षरांनी कोरला, त्याचा वाटा नाटकात नाही. धारेच्या लाटेचेही तसेच आहे. तो प्रचंड लोहस्तंभ आज भग्न तुकड्यांत पडला आहे. त्याच्या उभारणीचे श्रेय कोणत्या राजाचे, याची चर्चा विद्वान करतात. एवढे लोखंड ज्यांनी तापवले व जोडले त्या लोहारांची कथा मात्र कोणी लिहिली नाही. ॲबिंजर हॅमरने आपल्या लोहारांचे स्मरण निदान गावाच्या नावात तरी ठेवले आहे.

म्हणून फॉर्स्टरच्या ॲबिंजर-प्रयोगाकडे आम्ही इंग्रजांची एक घरगुती करमणूक म्हणून पाहत नाही. आमच्या स्थानिक वाङ्मयाला त्यातून घेण्यासारखा धडा आहे. ‘गॅझेटियर’ आणि घराण्यांच्या वंशावळी आम्हांजवळ आहेत, बखरीही आहेत. जे हवे आहे ते टेकडीच्या पायथ्याचे निवेदन. आणि त्याची सामग्री येथे विपुल आहे. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि टेकडीच्या सान्निध्यातच राहिले. गाण्यास बंदी असलेल्या त्या दिवसांत खाटेवर पडून त्यांनी काय ऐकले? माळवी बायकांची गाणी, रस्त्याने जाणाऱ्या भजनी लोकांचे सूर. बरे झाल्यावर त्यांनी जे अपूर्व संगीत दिले त्याची मुळे त्या ऐकण्यात आहेत. फॉर्स्टर आणि कुमार, दोघेही परगावाहून त्याच टेकडीपाशी आले. एकाने राजवाड्याच्या गच्चीवरून टेकडी पाहिली, दुसऱ्याने पायथ्याशी पडून तिच्याभोवतालचे आवाज ऐकले. आमच्या मते देवासचे अधिक पूर्ण चित्र दुसऱ्याच्या हाती आले, जरी त्याने ते शब्दांत लिहिले नाही.

दोन्ही देवळांचे पुढे काय झाले, ते सांगून हा विषय संपवू. ज्या चर्चसाठी १९३४ साली गावाने निधी जमवला, त्यावर १९४४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनांचा उडता बॉम्ब पडून त्याची अतोनात हानी झाली. गावाने ते पुन्हा उभारले. १९६४ साली त्यावर वीज पडली. पुन्हा दुरुस्ती झाली. फॉर्स्टर मात्र तेथे राहू शकला नाही. आईच्या मृत्यूनंतर भाडेपट्टा संपला, १९४६ साली वडिलांनी बांधलेले घर सोडून त्याला केंब्रिजला जावे लागले, आणि १९७० साली तो निवर्तला. ‘द हिल ऑफ देवी’ त्याने ग्रंथरूपाने सिद्ध केले ते आपले गाव सुटल्यानंतर. त्या पुस्तकात जी हुरहुर भरून राहिली आहे, ती केवळ एका बुडालेल्या संस्थानाची नसावी; स्वतःचे गाव गमावलेल्या माणसाला दुसऱ्याचे गमावलेले गाव अधिक जवळून दिसले असावे.

इकडे देवासला दोन्ही पात्या १९४८ साली मध्यभारतात विलीन झाल्या आणि १९५६ साली ते मध्यप्रदेशात आले. गावात कारखाने आले, नोटांचा छापखाना आला, टेकडीवर जाण्यास रोपवे झाला. नवरात्रात थोरल्या व धाकट्या मातेला माणसांचा पूर लोटतो. त्यांत मराठी बोलणारे किती आणि त्यांची मुले घरी कोणत्या भाषेत बोलतात, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो. पाती म्हणजे काय हे ज्यांना सांगावे लागत नाही, तुकोबांचे नाव गोकुळअष्टमीला का घ्यायचे हे ज्यांना विचारावे लागत नाही, अशी पिढी येथे अद्याप आहे. तिच्या तोंडून टेकडीची कथा लिहून घेण्याचे काम परक्या पाहुण्याचे नव्हे. फॉर्स्टरने आपल्या गावासाठी जे केले ते त्याने आमच्या गावासाठी केले नाही, ही त्याच्याविरुद्ध तक्रार म्हणून मांडण्याचा अधिकार आम्हांस तेव्हाच प्राप्त होईल, जेव्हा आम्ही ते स्वतः करू.